धूर गेला तरी शेगडी बाहेरच हवी

पावसाळ्यात गगनबावडा-राधानगरीकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. घरात बाळंतीण असेल तर खिडक्या लावून, फटींत कापड कोंबून तिच्या खाटेखाली शेगडी सरकवतात. धूर नको म्हणून ती आधी अंगणात पेटवतात आणि निखारे फुलले की आत आणतात. धूर खरंच गेलेला असतो, पण जीव घेणारा वायू निखाऱ्यातून निघतच राहतो.

शेगडीच्या जाळीखालून हवा शिरते आणि तळाचा कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वर चढताना लालबुंद कोळशाच्या थरातून जातो. तिथं तापलेला कार्बन त्यातला निम्मा ऑक्सिजन ओढून घेतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. फुललेल्या शेगडीवर निळसर ज्योती दिसतात, तो हाच वायू जळत असतो. निखाऱ्यावर राख चढली की त्या ज्योती विझतात आणि वायू न जळताच खोलीत पसरतो. घरची माणसं निर्धास्त होऊन झोपतात ती नेमकी याच वेळी.

या वायूला ना वास, ना रंग. हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या २०० ते २५० पट घट्ट धरतं. हवेच्या हजार भागांत तो एक भाग असला तरी काही तासांत रक्तातलं जवळपास निम्मं हिमोग्लोबिन निकामी होतं. तान्ह्या बाळाचा श्वास भरभर चालतो, त्यामुळे त्याला बाधाही लवकर होते. बाळंतिणीला शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी द्या. माणूस झोपलेल्या बंद खोलीत शेगडी नकोच.

शहरात हाच प्रकार गॅस गिझरचा. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. म्हणजे पंधरा मिनिटांच्या अंघोळीला पाव किलो. तेवढ्याला सुमारे ६०० लिटर ऑक्सिजन लागतो. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात तो असतो जेमतेम ११०० लिटर! दार-खिडकी बंद असेल तर ऑक्सिजन झपाट्यानं उतरतो, ज्वलन अर्धवट होतं आणि मोनॉक्साइड वाढत जातो. गिझरच्या पात्यांवर काजळी साचली असेल तर आणखी लवकर. ज्योत पिवळी दिसली की मेकॅनिकला बोलवाच, पण निळी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याची पाइप घ्या. नुसता एक्झॉस्ट फॅन पुरत नाही. आत येणाऱ्या हवेला वाट नसेल तर फॅन धुराड्यातला वायूच उलटा आत ओढतो. खाली हवा आत यायला आणि वर बाहेर जायला, अशी कायम उघडी राहणारी दोन भोकं लागतात. लाकूड-शेणीवरच्या बंबालाही हेच लागू. जनरेटर मात्र कितीही खिडक्या उघडल्या तरी घरात लावायचाच नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरासारखी वीज गेली, तरी जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये लावू नका. गॅसगळतीचा अलार्म हा वायू ओळखत नाही, मोनॉक्साइडचा वेगळा घ्यावा लागतो.

डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, पायांतलं बळ जाणं ही सुरुवात. लोक पित्त म्हणून सोडून देतात. एकाच घरात दोघा-तिघांना एकदम त्रास झाला किंवा बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर संशय पक्का धरा. दारं-खिडक्या उघडा, माणसाला ओढून बाहेर आणा, मग गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथं फसवतो. मोनॉक्साइडनं अडवलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं आणि ९८ आकडा दिसतो. कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो की खासगी दवाखाना, 'बंद खोलीत शेगडी होती' किंवा 'गिझर चालू होता' हे डॉक्टरांना आधी सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर सव्वा-दीड तास. घरी आल्यावरही काही आठवडे लक्ष ठेवा. विसरायला होणं, चालताना तोल जाणं, स्वभाव बदलणं असं काही दिसलं तर पुन्हा डॉक्टरांकडे न्या.