जळक्या बुचाचा मेकअप

अमेरिकी माध्यमांत कृष्णवर्णीयांचं चित्रण कसं होतं, हा वाद सिनेमा-टीव्हीच्या आधीचा आहे. १८३०च्या सुमारास टी. डी. राइस हा गोरा नट तोंड काळं करून, फाटके कपडे घालून ‘जिम क्रो’ नावाचं लंगडत नाचणारं पात्र रंगवायचा. प्रयोग तुफान चालले. १८४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चार गोऱ्या कलावंतांच्या मंडळीने संध्याकाळभराचा कार्यक्रमच बसवला आणि ‘मिन्स्ट्रेल शो’ हा धंदा झाला.

मेकअप साधा होता. बाटलीचं बूच जाळायचं, त्याची पूड पाण्यात कालवून तोंडाला फासायची, ओठांभोवती जाड पट्टा सोडायचा. आळशी, बावळट, मालकावर जीव टाकणारा गुलाम या मेकअपमधून उभा राहिला. ज्यांनी मळे कधी पाहिले नव्हते, त्या उत्तरेकडच्या शहरी प्रेक्षकांना तोच खरा वाटू लागला. पुढे दक्षिणेतल्या वर्णभेदी कायद्यांनाही जिम क्रोचंच नाव पडलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरोधी लोकांना अर्पण केली, तेव्हाही तिथे हे खेळ जोरात होते. गुलामी कायद्याने संपली होती, सोंग चालूच होतं. कृष्णवर्णीय कलावंतांनाही त्यातूनच वाट काढावी लागली. बर्ट विल्यम्ससारखा अव्वल विनोदी नट स्वतःच्या चेहऱ्यावर तीच काजळी लावून रंगमंचावर उभा राहायचा.

१९१५च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ने विदूषकाचा गुन्हेगार केला. गोऱ्या स्त्रीच्या मागे लागणारा काळा पुरुष आणि तिची अब्रू राखणारे, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवाद्यांच्या हिंसक संघटनेचे घोडेस्वार! चित्रपट व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने ठिकठिकाणी निदर्शनं केली, आणि त्याच वर्षी जॉर्जियात क्लॅन पुन्हा उभी राहिली.

रेडिओवर काजळीचीही गरज उरली नाही. दोन काळ्या पात्रांची विनोदी मालिका ‘एमॉस अँड अँडी’ १९२८ पासून दोन गोऱ्यांच्या आवाजात घराघरांत पोहोचलं.

अमेरिकी शहरांतल्या काळ्या वस्त्यांमधल्या १९६७च्या दंगलींनंतर अध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने पुढच्या वर्षी वृत्तपत्रं आणि टीव्हीला सुनावलं: तुम्ही जग गोऱ्यांच्या नजरेने पाहता, आणि तुमच्याकडे काळे बातमीदार, संपादक नावापुरतेच आहेत. माझ्या मते यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण फोटोखालची ओळ अखेर कुणीतरी टेबलाशी बसूनच लिहितं.

२००५ मध्ये कतरिना वादळानंतरचे न्यू ऑर्लीन्सचे दोन फोटो आठवा. दोन्हींत माणसं छातीभर पाण्यातून सामान घेऊन चालली आहेत. काळ्या तरुणाच्या फोटोखाली लिहिलं होतं, किराणा दुकान ‘लुटून’. गोऱ्या जोडप्याच्या फोटोखाली, दुकानातून पाव आणि सोडा ‘मिळाल्यावर’. फोटो दोन वेगळ्या वृत्तसंस्थांचे होते. एका छायाचित्रकाराचं म्हणणं, मी त्याला दुकानात शिरताना पाहिलं; दुसऱ्याचं, वस्तू पाण्यावर तरंगत होत्या. पण लोकांनी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवले, ते जुना हिशेब लक्षात ठेवून.