युद्धकाळातली लंडनची रविवारची उपासना

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) लंडन शहरात ख्रिस्ती मंडळ्या आणि स्पिरिच्युअलिस्ट सभा दर रविवारी जी सार्वजनिक उपासना करायच्या तिच्याबद्दलची ही नोंद आहे. अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडची) देवळं, रोमन कॅथलिक मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या मेथडिस्ट, बॅप्टिस्ट आणि काँग्रिगेशनल या प्रॉटेस्टंट पंथांची चॅपलं (त्यांची साधी देवळं), क्वेकरांची मूक सभा आणि भाड्याच्या हॉलमध्ये भरणारी स्पिरिच्युअलिस्ट उपासना हे सगळं यात येतं. स्पिरिच्युअलिस्टला मराठीत ‘अध्यात्मवादी’ म्हटलं की घोटाळा होतो, कारण आपल्याकडे अध्यात्म म्हणजे आत्मा-परमात्मा आणि साधना, आणि या लोकांचा मुद्दा अगदी सरळ होता: मेलेलं माणूस संपत नाही आणि माध्यमामार्फत, म्हणजे मृतांचे निरोप सांगणाऱ्या व्यक्तीमार्फत, त्याच्याशी बोलता येतं. ‘परलोकविद्या’ हा जुना शब्द त्यातल्या त्यात जवळचा, आणि प्लँचेट तर मराठी घरांना माहीतच आहे, पण प्लँचेट दिवाणखान्यात चालायचं आणि इथे विषय आहे तो गीतं, प्रार्थना, उपदेश असलेल्या जाहीर उपासनेचा. म्हणून या नोंदीत स्पिरिच्युअलिस्ट हाच शब्द ठेवलाय.

स्पिरिच्युअलिस्टांची रविवारची उपासना नेमकी कधी सुरू झाली यावर एकमत नाही. चळवळीची सुरुवात १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिलमध्ये झाली असं सगळेच मानतात, १८५२ मध्ये अमेरिकेतून मिसेस हेडन नावाच्या माध्यम बाई लंडनला आल्या, आणि १८५३ मध्ये यॉर्कशायरमधल्या कीथलीला डेव्हिड रिचमंड यांच्या पुढाकाराने ब्रिटनमधली पहिली संघटित सभा उभी राहिली. चळवळीचे स्वतःचे लेखक कीथलीलाच पहिलं ‘चर्च’ म्हणतात. दुसरं मत असं की कीथलीत सुरुवातीला जमलेली माणसं रॉबर्ट ओवेनच्या समाजवादी विचारातली, धर्मसंस्थेवर रागावलेली होती, त्यांना चर्च नकोच होतं, आणि ज्याला आज आपण उपासना म्हणू तो साचा १८७०–८० च्या दशकांत, यॉर्कशायर-लँकशायरच्या गिरणी कामगारांनी लहानपणापासून चॅपलमध्ये जे पाहिलं होतं त्यावरून बसत गेला. मला हे दुसरं मत जास्त पटतं, कारण साचा खरोखरच चॅपलचा आहे: गीत, प्रार्थना, वाचन, पुन्हा गीत, उपदेश. मुलांसाठी संडे स्कूलसारखं लायसियम होतं, त्याची कल्पना अमेरिकेत अँड्र्यू जॅक्सन डेव्हिसने १८६३ मध्ये मांडली आणि नॉटिंगहॅममध्ये १८६६ ला ते सुरू झालं, हाही त्याच बाजूचा पुरावा धरता येईल. लंडनमध्ये मेरिलबोन स्पिरिच्युअलिस्ट असोसिएशन १८७२ पासून होती, देशभरच्या सभांचा स्पिरिच्युअलिस्ट्स नॅशनल युनियन १९०१ ला झाला आणि त्याने एमा हार्डिंग ब्रिटन यांच्याकडून आलेली सात तत्त्वं स्वीकारली, ज्यात ‘ईश्वराचं पितृत्व’ आहे पण ख्रिस्ताचं नाव नाही. ज्यांना ते खटकलं त्यांच्यातून ख्रिस्ती स्पिरिच्युअलिस्ट वेगळे झाले, लंडनमध्ये विनिफ्रेड मॉइस यांच्या भोवती १९३१ ला स्थापन झालेली ग्रेटर वर्ल्ड लीग ही त्यांची मोठी संघटना. म्हणजे युद्ध सुरू झालं तेव्हा एकाच शहरात, बऱ्याचदा एकाच वस्तीत, ख्रिस्ताचं नाव घेणारे स्पिरिच्युअलिस्ट आणि न घेणारे स्पिरिच्युअलिस्ट असे दोन्ही रविवारी जमत होते.

चॅपल आणि स्पिरिच्युअलिस्ट सभा यांच्यातला खरा फरक उपासनेच्या शेवटी यायचा. स्पिरिच्युअलिस्टांकडे प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) नाही, तिथे माध्यम उभं राहून समोर बसलेल्यांपैकी कुणाला तरी उद्देशून सांगणार की तुमच्या शेजारी अमुक वयाचा, अमुक चेहऱ्याचा माणूस उभा आहे, तो हे म्हणतोय. याला क्लेअरव्हॉयन्स म्हणत. हे समजून घ्यायचं तर पहिल्या महायुद्धाकडे जावं लागतं. प्रॉटेस्टंट परंपरेत मृतांसाठी प्रार्थना करायची नाही असा दंडक होता, कॅथलिकांकडे मृतांची मिस्सा होती पण अँग्लिकन किंवा मेथडिस्ट आईला मुलगा खंदकात मेल्यावर देवळात त्याच्यासाठी नेमकं काय म्हणायचं हेच माहीत नव्हतं. १९१७ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप डेव्हिडसन यांनी मृतांसाठी प्रार्थना असलेला नमुना मंजूर केला तो या दबावाखाली. त्याच काळात भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांनी १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ मारल्या गेलेल्या मुलाबद्दल ‘रेमंड’ हे पुस्तक (१९१६) लिहिलं, शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल उघडपणे चळवळीत आले, आणि युनियनला जोडलेल्या सभांची संख्या युद्धाच्या वर्षांत साधारण दुप्पट झाली. डॉयल गेल्यावर १३ जुलै १९३० ला, रविवारीच, रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये हजारो लोक जमले, व्यासपीठावर त्यांच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवलेली होती आणि एस्टेल रॉबर्ट्स यांनी क्लेअरव्हॉयन्स केलं.

चर्च ऑफ इंग्लंडने हे दुर्लक्षून चालणार नाही असं ठरवून बाथ अँड वेल्सचे बिशप फ्रान्सिस अंडरहिल यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिचा अहवाल युद्धाच्या वर्षीच, १९३९ मध्ये, आर्चबिशप लँग यांच्याकडे गेला आणि त्यांनी तो छापू दिला नाही. बहुमताच्या अहवालावर सात सह्या होत्या आणि काही संदेश खरोखर देह सोडलेल्या आत्म्यांकडून येत असावेत, असं त्यात सावधपणे म्हटलं होतं. सही करणाऱ्यांत सेंट पॉल्स कॅथेड्रलचे डीन डब्ल्यू. आर. मॅथ्यूज होते, म्हणजे ज्या देवळाचा घुमट पुढे सगळ्या लंडनचं प्रतीक झाला त्याच देवळाचे प्रमुख. दोन्ही बाजूंमधली भिंत आपण समजतो तेवढी जाड नव्हती ती अशी.

युद्ध सुरू झालं तेच रविवारी. ३ सप्टेंबर १९३९ ला सकाळी सव्वाअकराला पंतप्रधान चेंबरलेन यांनी रेडिओवर युद्ध जाहीर केलं, तेव्हा बहुतेक ठिकाणी सकाळची उपासना चालू होती, आणि थोड्याच मिनिटांत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला (खोटा निघाला). पण रविवार बदलला तो बॉम्बच्या आधी, अंधाराने. १ सप्टेंबरपासून ब्लॅकआउट होता, म्हणजे अंधार पडल्यावर बाहेर उजेड दिसू द्यायचा नाही, आणि देवळाच्या उंच रंगीत खिडक्यांना काळे पडदे लावणं बहुतेक मंडळ्यांना परवडण्यासारखं नव्हतं आणि बऱ्याच ठिकाणी शक्यही नव्हतं, त्यामुळे साडेसहाची संध्याकाळची उपासना हिवाळ्यात दुपारी तीनच्या आसपास आणावी लागली. त्यात सरकारने १९४०–४१ च्या हिवाळ्यात घड्याळं तासभर पुढेच ठेवली, म्हणजे डिसेंबरअखेर सूर्य नऊनंतर उगवायचा आणि सकाळी आठचं प्रभुभोजन पूर्ण काळोखात. १९४१ च्या उन्हाळ्यापासून घड्याळं दोन तास पुढे गेली तेव्हा निदान उन्हाळ्यात संध्याकाळची उपासना परत जुन्या वेळेला घेता आली. नॉनकन्फॉर्मिस्ट (चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या प्रॉटेस्टंट) चॅपलांना आणि स्पिरिच्युअलिस्टांना याचा फटका जास्त बसला असं म्हणायला जागा आहे, कारण त्यांची मोठी गर्दी संध्याकाळचीच असायची. कॅथलिकांची अडचण वेगळी: प्रभुभोजन घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा प्यायचं नाही, आणि मिस्सा सकाळचीच. रात्रभर शेल्टरमध्ये काढलेल्या माणसाने पहाटे समोर आलेला चहाचा कप बाजूला ठेवायचा. सैनिकांना आणि रात्रपाळीवाल्यांना युद्धात सवलती मिळाल्या, सगळ्यांसाठी नियम सैल झाला तो १९५३ ला.

दुसरी मोठी गोष्ट घंटांची. जून १९४० मध्ये देवळांच्या घंटा बंद केल्या, शत्रू उतरला तरच वाजवायच्या. त्यानंतर दोन वर्षं लंडनचा रविवार घंटेशिवाय. इजिप्तमधल्या एल अलामीनच्या विजयासाठी १५ नोव्हेंबर १९४२ च्या रविवारी त्या पुन्हा वाजल्या, आणि बंदी १९४३ मध्ये उठली. पण तोवर सेंट मेरी-ल-बोच्या घंटा, ज्यांच्या आवाजाच्या टप्प्यात जन्मलेलाच खरा कॉकनी, म्हणजे अस्सल लंडनकर, असं म्हणतात, त्या मे १९४१ च्या आगीत गेलेल्या होत्या.

राष्ट्रीय प्रार्थनादिन हा या काळाचा खास प्रकार. २६ मे १९४० च्या रविवारी राजा सहावे जॉर्ज वेस्टमिन्स्टर ॲबीत गेले, बाहेर लांब रांग होती, आणि त्याच संध्याकाळी फ्रान्सच्या डंकर्क किनाऱ्यावर अडकलेल्या ब्रिटिश आणि मित्रसैन्याची समुद्रमार्गे सुटका सुरू झाली ज्यात पुढे ३,३८,००० च्या वर सैनिक परत आले. प्रार्थनेमुळेच हे झालं असं तेव्हा अनेक उपदेशांत सांगितलं गेलं. इतिहासकार हवामान, जर्मन रणगाडे थांबवण्याचा हुकूम आणि नौदलाची तयारी ही कारणं देतात. पण जमलेल्या लोकांची प्रार्थना खरी होती, आणि ती उपासनेच्या इतिहासात मोजायलाच हवी. ८ सप्टेंबर १९४० लाही असाच दिवस होता आणि तो ब्लिट्झच्या, म्हणजे लंडनवरच्या जर्मन बॉम्बहल्ल्यांच्या, पहिल्या रात्रीनंतरचा रविवार निघाला, ईस्ट एंड हा पूर्वेकडचा कामगारवस्तीचा भाग अजून जळत होता.

रात्री नऊचा ‘मूक मिनिट’ याच गटात धरावा. १० नोव्हेंबर १९४० च्या रविवारपासून बीबीसीवर नऊच्या बातम्यांआधी बिग बेनचे ठोके पडत असताना लोकांनी मनात प्रार्थना करायची. याचे प्रवर्तक वेल्सली ट्यूडर पोल, आणि त्यांची हकिगत अशी की १९१७ ला पॅलेस्टाइनमध्ये लढाईच्या आधी एका सहकाऱ्याने, आपण मरणार हे ओळखून, ‘आम्हाला रोज एक क्षण द्या’ असं त्यांना सांगितलं होतं. काहींच्या मते मूळ इतकं लांब शोधायची गरज नाही, १९१९ पासूनच्या दोन मिनिटांच्या स्तब्धतेची सवय आणि १९४० च्या उन्हाळ्याची भीती पुरेशी आहे, आणि प्रथा रुजली का याचं उत्तर म्हणून तेच जास्त संभवतं. तरी एक गोष्ट उरतेच, ती म्हणजे मृत सैनिकाच्या निरोपावर उभी असलेली ही कल्पना अँग्लिकन, कॅथलिक आणि स्पिरिच्युअलिस्ट सगळ्यांना एकाच मिनिटात बसवून गेली, जे कुठल्याही देवळाला जमलं नव्हतं.

ब्लिट्झमध्ये (सप्टेंबर १९४० ते मे १९४१) इमारतीच गेल्या. २९ डिसेंबर १९४० चा हल्ला रविवारी संध्याकाळी सहानंतर आला, सिटी या लंडनच्या जुन्या व्यापारी भागातली ऑफिसं आणि देवळं कुलूपबंद, थेम्सला ओहोटी, पाण्याचे पाइप फुटलेले, आणि सेंट ब्राइड्स, सेंट लॉरेन्स ज्यूरी, क्राइस्ट चर्च न्यूगेट अशी वास्तुकार सर क्रिस्टोफर रेन यांनी बांधलेली देवळं एका रात्रीत जळाली. क्राइस्ट चर्चमधून बाप्तिस्म्याच्या कुंडाचं कोरीव लाकडी झाकण तेवढं वाचलं, एक पोस्टमन आत धावला आणि घेऊन आला, त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. सेंट पॉल्स वाचलं ते ‘वॉच’मुळे, म्हणजे गोडफ्री ॲलन यांच्या हाताखालचे स्वयंसेवक रात्रभर छतावर वाळू आणि पंप घेऊन असायचे त्यांच्यामुळे. १० मे १९४१ च्या शनिवारच्या रात्री १,४०० च्या वर माणसं मेली आणि रविवारी सकाळी सेंट क्लेमंट डेन्सच्या, प्रसिद्ध बॅप्टिस्ट उपदेशक स्पर्जनच्या मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकलच्या मंडळ्या आपापल्या देवळाच्या जागी आल्या तर समोर भिंती. पाळक लेस्ली वेदरहेड यांचं सिटी टेंपल हे चॅपल आणि साउथवर्कचं कॅथलिक कॅथेड्रल एप्रिलमध्येच गेलं होतं, ऑस्टिन फ्रायर्समधलं डच चर्च, जे १५५० पासून डच प्रॉटेस्टंटांकडे होतं, त्याआधीच ऑक्टोबर १९४० मध्ये. डच राणी तेव्हा इंग्लंडातच परागंदा होती.

मग उपासना जमिनीखाली गेली. सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्सचं तळघर, वेस्टमिन्स्टरच्या मेथडिस्ट सेंट्रल हॉलचं तळघर, जिथे पाळक विल्यम सँगस्टर आश्रयाला आलेल्या लोकांबरोबर सहकुटुंब राहिले, आणि शहराबाहेर चिझलहर्स्टच्या गुहा, ज्यांच्यात चॅपलसुद्धा होतं. स्टेपनीचे फादर ग्रोसर यांनी भुकेल्या बेघरांसाठी सरकारी अन्नाचं कोठार फोडलं. किंग्सवे हॉलचे डोनल्ड सोपर युद्धविरोधी होते म्हणून बीबीसीवर त्यांना बंदी, पण हॉलमधला उपदेश आणि उघड्यावरची भाषणं चालूच राहिली.

१८ जून १९४४ च्या रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला वेलिंग्टन बराकीतल्या गार्ड्स चॅपलवर उपासना चालू असतानाच व्ही-१ हा जर्मन उडता बॉम्ब पडला. १२१ माणसं गेली. वेदीकडचा अर्धगोल घुमट उभा राहिला, त्याखाली असलेले मेडस्टनचे बिशप वाचले, आणि वेदीवरच्या मेणबत्त्या जळत राहिल्या असं सांगतात.

स्पिरिच्युअलिस्टांचे हॉल भाड्याचे, क्वीन्स हॉलसारखी मोठी सभागृहं गेली तशी जागाही गेली. शिवाय १८२४ चा भटक्यांविरुद्धचा कायदा माध्यमांवर लावला जायचा. माध्यम हेलन डंकन यांना जानेवारी १९४४ मध्ये पोर्ट्समथला पकडलं आणि खटला लंडनला ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात चालला तो १७३५ च्या जादूटोणा कायद्याखाली, नऊ महिने कैद झाली. ‘बारहॅम’ ही युद्धनौका बुडाल्याची (नोव्हेंबर १९४१) गुप्त बातमी त्यांनी बैठकीत फोडली म्हणून सरकार घाबरलं, हे नेहमी सांगितलं जातं. पण आरोप फसवणुकीच्या स्वरूपाचा होता, आणि बातमी नौसैनिकांच्या घरांमधून पोर्ट्समथमध्ये आधीच पसरली असण्याची शक्यता बरेच अभ्यासक धरतात, ती जास्त सयुक्तिक वाटते. चर्चिल यांनी गृहमंत्र्यांना, हा जुना कायदा आता कशाला वापरला, असं विचारलं. दुसरीकडे हवाई दलाच्या फायटर कमांडचे माजी प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी १९४३ मध्ये मेलेल्या वैमानिकांच्या संदेशांबद्दल लिहिलं आणि सभांमधून बोलले, त्यामुळे चळवळीला प्रतिष्ठा मिळाली. जादूटोणा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला.

१३ मे १९४५ च्या रविवारी सेंट पॉल्समध्ये राजाच्या उपस्थितीत उपकारस्तुती झाली. सिटी टेंपल आणि साउथवर्कचं कॅथलिक कॅथेड्रल १९५८ ला पुन्हा उघडली. क्राइस्ट चर्चच्या भिंतींमध्ये आज बाग आहे, कुंडाचं झाकण जवळच्या सेंट सेपल्करमध्ये ठेवलंय, आणि त्याच २९ डिसेंबरला जळालेल्या सेंट मेरी ऑल्डरमनबरीचे दगड जहाजाने अमेरिकेत मिझुरीतल्या फुल्टनला नेऊन तिथे देऊळ परत उभं केलं.