स्वयंसुकाणू

शिडाच्या नौकेचे सुकाणू कोणी हाती न धरता तिला ठरल्या मार्गावर ठेवणारी यंत्रणा. एकट्यादुकट्याने महासागर ओलांडायचा तर ती लागतेच. खानदेशाला समुद्र नाही, पण बाजार करून परतताना गाडीवानाला डुलकी लागावी आणि बैलांनी गाडी बिनचूक दारात आणावी, हे इथे कोणाला नवीन नाही. बैलांना वाट ठाऊक असते. नौकेला वाऱ्यावर नाहीतर होकायंत्रावर विसंबावे लागते.

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांच्या डोक्यावर वाऱ्याची दिशा टिपणारे छोटे उपकरण असते. त्याच्या इशाऱ्यावर मोटर चक्कीचे तोंड वळवते. विजेवरचा ऑटोपायलट असाच. नौका मार्गावरून ढळली की होकायंत्र सांगते, मोटर सुकाणू फिरवते. पाणी उपसणाऱ्या जुन्या चक्कीला मात्र मागे शेपूट असे, वाराच तिला वळवी. विंडव्हेन, म्हणजे वाऱ्याच्या जोरावरच चालणारे स्वयंसुकाणू, त्या जातीची.

तिची खरी करामत जोर कुठून येतो यात आहे. वाऱ्यात कलणाऱ्या हलक्या पात्याला जड सुकाणू हलत नाही. म्हणून ते नौकेमागे पाण्यात सोडलेले वल्हे फक्त किंचित पिळते. धावत्या पाण्याच्या रेट्याने वल्हे एका बाजूला झुलते आणि दोऱ्यांनी सुकाणूचा दांडा ओढते. वेग वाढला की जोरही वाढतो, आणि वीज शून्य. १९६० च्या एकट्याने करायच्या अटलांटिक शर्यतीत पहिला आलेला फ्रान्सिस चिचेस्टर आणि दुसरा आलेला ब्लाँडी हॅस्लर या दोघांच्याही नौकांवर विंडव्हेन होती. इलेक्ट्रॉनिक ऑटोपायलटला बंदी असलेल्या, एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारताचा अभिलाष टॉमी २०२३ मध्ये दुसरा आला, तोही याच यंत्रणेच्या भरवशावर.

मात्र विंडव्हेन वाऱ्याशी कोन राखते, दिशा नाही. रात्री वारा फिरला की नौकाही मुकाट्याने फिरते. मागून मंद वारा असला तर पाते लुळे पडते. इंजिनावर चालताना तिचा उपयोग नाही. तिथे ऑटोपायलट कामाचा, पण मोठ्या लाटांत तो बॅटरी पिऊन टाकतो. तो किती ताकदीचा घ्यायचा हे ठरवताना नौकेचे रिकामे वजन धरू नये. पाणी, इंधन, शिधा भरल्यावरचे धरावे. दांड्याच्या सुकाणूला विंडव्हेन सहज जोडता येते, चक्राच्या सुकाणूला दोऱ्यांचा वळसा लांबतो. शिडांचा तोल बिघडलेला असेल तर दोन्ही यंत्रणा हरतात.

दूरचे प्रवासी बहुधा दोन्ही बाळगतात. वारा पडला की काहीजण विंडव्हेनचे पाते काढून तिथे छोटा ऑटोपायलट जोडतात: दिशा होकायंत्राची, ओढण्याचे कष्ट पाण्याचे, आणि वीज नाममात्र.