लिनक्स डेस्कटॉपवर: गाडं कुठे अडलं होतं?

हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्स जाहीर केलं, तेव्हा ते नुसतं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा होतं. कम्पायलर (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारा), शेल (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा) वगैरे साधनं रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातून मिळाली. सुरुवातीचे वापरकर्तेही बहुतेक प्रोग्रामरच. सर्वसामान्यांना झेपेल असा डेस्कटॉप देण्यासाठी १९९६ मध्ये केडीई सुरू झालं. ते ज्या क्यूटी लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) उभं होतं तिचा परवाना तेव्हा पूर्ण मुक्त नव्हता, म्हणून १९९७ मध्ये ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप आला.

खरी मेख होती ड्रायव्हरमध्ये, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. नव्वदच्या दशकात ग्राफिक्स सुरू करायला अनेकदा मॉनिटरची आडवी-उभी फ्रिक्वेन्सी कॉन्फिगरेशन फाइलमध्ये हाताने लिहावी लागे. आकडा चुकला तर जुना मॉनिटर बिघडण्याची धास्ती. मग फोनलाइनवरून इंटरनेट जोडणारे 'विनमोडेम' आले. मोडेममधल्या चिपचं बरंचसं काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकललं, त्यामुळे मोडेम स्वस्त झाला; पण ते काम करणारा ड्रायव्हर सहसा फक्त विंडोजसाठी मिळे. वायफाय आलं तेव्हाही तीच रड. कित्येक कार्डांसाठी विंडोजचाच ड्रायव्हर एनडिसरॅपर नावाच्या प्रोग्राममधून चालवावा लागे. दोष बहुतांशी हार्डवेअरची माहिती दडवणाऱ्या कंपन्यांचा होता. पण ज्याचं इंटरनेटच सुरू होत नाही, त्याला हे ऐकवून काय उपयोग?

२००४ मध्ये उबुंटू ही लिनक्सची सोपी आवृत्ती आली, आणि तिच्या सीडी मागाल तिथे फुकट पोचू लागल्या. लाइव्ह सीडीवरून, हार्ड डिस्कला हात न लावता, आपल्या मशीनवर काय चालतं ते आधीच तपासता येई. माझ्या मते सर्वांत मोठा फरक याने पडला.

फाइलींचा गुंता मात्र सुटला नव्हता. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने हजारो संगणक लिनक्सवर नेले, तरी बाहेरून येणाऱ्या ऑफिस फाइलींची मांडणी विस्कटण्याची तक्रार राहिलीच. २०१७ मध्ये तिथे विंडोजकडे परतण्याचा निर्णय झाला. त्यामागे राजकारणही होतं, हे खरं.

दरम्यान बरंचसं काम ब्राउझरमध्ये गेलं, ड्रायव्हर कर्नलमध्येच येऊ लागले, आणि २०१८ च्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरमुळे विंडोजचे अनेक गेमही चालू लागले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारी धडधाकट मशीन भंगारात काढण्यापेक्षा त्यांवर लिनक्स टाकावं, असं मला मनापासून वाटतं. फोटोशॉप किंवा ऑटोकॅडवर पोट असेल, तर मात्र आजही विंडोज सोडू नये.