न्यायाधीश-प्रशिक्षणातील आंतरराष्ट्रीय सहकार्य

एका देशातील न्यायालयांनी आणि न्यायिक अकादमींनी दुसऱ्या देशातील न्यायाधीशांच्या शिक्षणात दिलेला हातभार. कायदा ज्याचा त्याचा असतो. त्यामुळे सीमा ओलांडते ती मुख्यतः पद्धत. साक्ष कशी ऐकावी, वादमुद्दे कसे काढावेत, निकालपत्र कसे लिहावे, तडजोडीसाठी पक्षकारांना कसे बसवावे, हे शिकवता येते. उसना घेतलेला कायदा शिकवू गेल्यास वर्ग वाया जातो.

या क्षेत्रातील जागतिक संघटना, आंतरराष्ट्रीय न्यायिक प्रशिक्षण संघटना, २००२ साली जेरुसलेममध्ये स्थापन झाली. २०१७ मध्ये मनिला येथे तिने दहा तत्त्वांचा जाहीरनामा स्वीकारला. प्रशिक्षणाची जबाबदारी न्यायसंस्थेकडेच असावी आणि शिकवणारे प्रामुख्याने न्यायाधीश असावेत, हा त्याचा गाभा. न्यायिक आचरणाची बंगळूर तत्त्वेही २००२ चीच. फ्रान्समधील बोर्दो येथील राष्ट्रीय न्यायिक विद्यालयात नवा न्यायाधीश ३१ महिने शिकतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये न्यायासनावर बसण्यापूर्वी एक वर्षाचे प्रशिक्षण आवश्यक ठरवले.

कोकण किनाऱ्याचा या विषयाशी थेट संबंध आहे. महाराष्ट्र न्यायिक अकादमी भाईंदरजवळ उत्तन या समुद्रकाठच्या गावी आहे, आणि भारतीय मध्यस्थी केंद्र व प्रशिक्षण संस्थाही तिच्याच नावात जोडलेली आहे. न्यायालयाशी संलग्न मध्यस्थी, म्हणजे न्यायालयातला दावा तटस्थ मध्यस्थाकडे तडजोडीसाठी पाठवणे, हे परकीय सहकार्यातून भारतात रुजलेल्या पद्धतीचे सर्वांत ठळक उदाहरण. दावे असे तडजोडीकडे पाठवण्याची तरतूद करणारे दिवाणी प्रक्रिया संहितेचे सुधारित कलम ८९ जुलै २००२ पासून लागू झाले. त्या सुमारास अमेरिकी न्यायाधीश व प्रशिक्षकांच्या मदतीने भारतीय न्यायाधीश आणि वकिलांचे वर्ग भरले. पुढे मध्यस्थांसाठी ४० तासांचा अभ्यासक्रम ठरला. त्यात व्याख्याने कमी आणि अभिरूप प्रसंग, म्हणजे भूमिका वाटून केलेला सराव, जास्त असतो.

हा नमुना रत्नागिरी-सिंधुदुर्गातील वाटपाच्या दाव्याला जसाच्या तसा लावला, तर कुठे अडतो ते पाहण्यासारखे आहे. मूळ अभिरूप प्रसंगात दोन पक्ष आणि एक रक्कम असते. इथे सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदार असतात. त्यांतले निम्मे मुंबईत, आणि गावच्या भावाकडे नुसते मुखत्यारपत्र. मुखत्याराला तडजोडीचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला नसेल, तर तो प्रत्येक प्रस्तावावर ‘विचारून सांगतो’ म्हणतो आणि बैठक तिथेच थांबते. म्हणून पहिल्याच तारखेला मुखत्यारपत्र वाचून घ्यावे. चाकरमानी गावी येतात ते मे महिन्यात, शिमग्याला आणि गणपतीत. मे महिन्यात न्यायालयांना सुट्टी असते, त्यामुळे बैठकीचा दिवस गणपतीच्या मागेपुढे धरलेला बरा. जमीन गुंठ्यांत सारखी वाटता येते. हापूसची कलमे, विहीर आणि वाट तशी वाटता येत नाही. हे तिन्ही तडजोडपत्रात वेगळे लिहिले नाही, तर दोन वर्षांत वहिवाटीचा नवा दावा उभा राहतो. शेतसारा भरणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, ही गोष्ट परदेशी प्रशिक्षकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. ती सांगणारा स्थानिक सहप्रशिक्षक वर्गात लागतोच.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी गरज तपासतात: निकालपत्रे, रोजनामे (खटल्याच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदी) व अपिलात फिरलेले निर्णय वाचून नेमके काय चुकते ते पाहतात. मग सामंजस्य करार होतो. त्यानंतर पाहुणे प्रशिक्षक निवडक स्थानिक न्यायाधीशांना प्रशिक्षक म्हणून तयार करतात. पहिला वर्ग दोघे मिळून घेतात, दुसरा स्थानिक एकटे घेतात आणि पाहुणे मागे बसून टिपणे काढतात. अभिरूप खटल्याची फाइल मात्र इथलीच हवी आणि मराठीत हवी. १९९८ पासून महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. वर्ग इंग्रजीत घेऊन साक्ष मराठीत नोंदवायची म्हटले, की उलटतपासणीतले बारकावे निसटतात. मालवणी साक्षीदाराचे उत्तर प्रमाण मराठीत उतरवताना अर्थ बदलला का, हे तपासण्याचा सराव तर बाहेरचा कुणी देऊच शकत नाही.

बिघाड बहुधा निवडीत असतो. निवृत्तीला वर्षभर उरलेल्या अधिकाऱ्याला अभ्यासदौऱ्यावर पाठवले, किंवा शिकून आलेल्याची लगेच वेगळ्या प्रकारच्या न्यायालयात बदली झाली, तर शिकलेले वापरात येत नाही. दुसरे कारण निधी: अनुदान संपते आणि अभ्यासक्रमही थांबतो. सहा महिन्यांनी त्याच न्यायाधीशांची निकालपत्रे पुन्हा वाचणे हा स्वस्त उपाय आहे, पण तोच सर्वाधिक टाळला जातो.

भारत या देवाणघेवाणीत देणाराही आहे. भोपाळच्या राष्ट्रीय न्यायिक अकादमीत शेजारी देशांचे न्यायाधीश शिकून गेले आहेत. बांगलादेशशी २०१७ मध्ये तसा करार झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्या देशाने आपल्या ५० न्यायाधीशांचा ठरलेला भोपाळ-वर्ग रद्द केला. सिंगापूर व भारताच्या सर्वोच्च न्यायालयांमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायिक सहकार्याचा करार झाला आहे.