पाडकामापासून रात्रनिवाऱ्यापर्यंत: मुंबईच्या फूटपाथवरच्या बेघरांची पार्श्वभूमी

संगमनेरकडचा एक चप्पल शिवणारा माणूस १९६९ मध्ये मुंबईला आला. गावातलं घर पडलं होतं आणि दिवसाची कमाई होती सात-आठ रुपये. इथे बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपयांवर लागला. तुळशीवाडीच्या फूटपाथवरच्या जागेसाठी त्यानं तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले. बांबू आणि प्लॅस्टिकच्या कागदाला ७०० गेले. जानेवारी १९८० मध्ये ते झोपडं पाडलं गेलं. त्यानं पुन्हा उभं केलं. हा सगळा हिशेब सर्वोच्च न्यायालयाच्या १९८५ च्या निकालपत्रात आहे. फूटपाथवरचे लोक फुकटात राहतात असं ज्यांना वाटतं त्यांनी तो जरूर वाचावा. उघड्या रस्त्यावर पथारी टाकण्यासाठी या माणसानं जवळजवळ तीन महिन्यांचा पगार ओतला होता.

१३ जुलै १९८१ ला तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की फूटपाथवरच्यांना हटवून आपापल्या गावी पाठवू. तेही ऐन पावसाळ्यात. दहा दिवसांनी तामिळनाडूतल्या एका मजुराचं घर मोडून त्याला बायकोमुलींसकट सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या आणि तो परत फूटपाथवर आला, कारण काम मुंबईतच होतं. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि नागरी हक्कांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठानं सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. मात्र फूटपाथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. पावसाळा संपल्यावर महिनाभर, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, मुदत मिळाली. आज या निकालाचा पहिला भागच उद्धृत होतो, दुसरा गळतो.

त्या मुदतीच्या काळात खरं काम झालं ते भायखळ्यात. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पार्क’ संस्थेनं पालिकेच्या ई विभागातल्या आणि मोठ्या रस्त्यांवरच्या फूटपाथांची घर-घर मोजणी केली. सुमारे ६,००० कुटुंबं, २७,००० माणसं निघाली. बहुतेक जण कामावर पायी जात होते. म्हणजे फूटपाथ ही त्यांची निवड नव्हती, पण त्या फूटपाथचा पत्ता मात्र त्यांनी विचार करून निवडलेला होता. पुढे या वस्त्यांतल्या बायकांचीच ‘महिला मिलन’ उभी राहिली. जोकिन अर्पुतम यांचं राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ हे संघटन सोबत होतं. रोजच्या मजुरीतला रुपया-दोन रुपया बाजूला पडू लागला. जागेची मापं साड्या लावून घेतली गेली, घराचे पूर्ण आकाराचे नमुने उभे करून पाहिले गेले: माळा किती उंचीवर हवा, चूल कुठे. नव्वदच्या दशकात झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत फूटपाथवासीही धरले गेले आणि मानखुर्दला मिलन नगर उभं राहिलं. मला या सगळ्या इतिहासात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

पण झोपडंही नसलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी निवाऱ्याचा आग्रह दिल्लीच्या थंडीतून आला. डिसेंबर २००९ मध्ये तिथला एक तात्पुरता निवारा पाडला गेला, माणसं गारठून मेली, आणि अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मोठ्या शहरांना लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही बारमाही आणि चोवीस तास, उभारायला सांगितलं. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात हाच निकष आला. माणशी ५० चौरस फूट जागा धरली गेली.

२८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेचे कर्मचारी फलाट, जिन्याखालच्या जागा, ह्यूम पाइप, देवळांचे ओटे पाहत फिरले. देशभरात १७ लाखांहून अधिक बेघर नोंदले गेले, मुंबईत ५७ हजारांवर. एका रात्रीत जेवढे दिसले तेवढे. सव्वा कोटीच्या या शहराला निकषाप्रमाणे सव्वाशे निवारे लागतात, आणि मुंबई त्याच्या आसपासही पोचलेली नाही. बायको-मुलांसह एकत्र राहता येईल असे तर मोजकेच. निवारा रेल्वे स्टेशन, बस डेपो, बाजार यांच्याजवळ असावा असं त्या अभियानाच्या नियमांतच म्हटलं होतं. भायखळ्याच्या मोजणीतून हेच तर दिसलं होतं: राहायची जागा कामापासून पायी जाता येईल अशीच हवी. तसली जागा दादरला, कुर्ल्याला, भायखळ्याला मोकळी कोण करून देणार, इथेच घोडं अडलंय.