बुसान

बुसान : दक्षिण कोरियातील सोलनंतरचे सर्वांत मोठे शहर व देशातील सर्वांत मोठे बंदर. लोकसंख्या सुमारे ३३ लाख. कोरियन द्वीपकल्पाच्या आग्नेय टोकाला, नाकडोंग नदीच्या मुखाशी ते वसले आहे. नावाचा अर्थ ‘हंड्याचा डोंगर’. २००० सालापर्यंत रोमन लिपीत त्याचे स्पेलिंग ‘पुसान’ असे होत असल्याने जुन्या नकाशांत तेच नाव आढळते.

१५९२ च्या जपानी स्वारीचा पहिला घाव या शहराने सोसला. १८७६ च्या गांगह्वा तहाने बंदर जपानी व्यापाराला खुले झाले आणि १९०५ मध्ये सोलपर्यंत रेल्वे गेली. तरी आजचे बुसान घडवले ते १९५०–५३ च्या कोरियन युद्धाने. उत्तर कोरियाच्या फौजांनी जवळजवळ सारा देश व्यापला, तेव्हा नाकडोंगच्या आडोशाचा हा कोपरा तेवढा दक्षिणेच्या हाती राहिला. बुसान हंगामी राजधानी झाले आणि निर्वासितांचे लोंढे येऊन थडकले. डोंगर थेट समुद्रापर्यंत आलेले, सपाट जमीन मुळातच तुटपुंजी. माणसे उतारांवर चढली आणि मिळेल त्या सामानाने खोपटी उभी राहिली. आमी-दोंग भागात जपानी दफनभूमी होती. तिथल्या थडग्यांचे दगड लोकांनी पायऱ्यांना आणि घरांच्या जोत्यांना वापरले. काही भिंतींच्या तळाशी ती कोरलेली नावे अजून दिसतात.

शेजारचे गामचोन आता रंगीबेरंगी भिंतींसाठी ओळखले जाते. ही रंगरंगोटी २००९ च्या कलाप्रकल्पापासूनची. खरे पाहण्याजोगे आहे ते घरांच्या उतरंडीत: पुढचे घर मागच्याचा उजेड अडवत नाही. यंगदो बेटाचा उचलता पूल १९३४ चा. युद्धात ताटातूट झालेली कुटुंबे ‘यंगदोच्या पुलाशी भेटू’ असे सांगून पांगली होती. १९६६ मध्ये थांबलेली पुलाची उघडझाप २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाली.

जागालची हा देशातील नामांकित मासळीबाजार. येथेही विक्रीचा कारभार मुख्यतः बायकांचाच. त्यांना ‘आजिमे’ म्हणतात. आपल्या ‘मावशी’च्या वळणाचा स्थानिक बोलीतला शब्द. खाली टाकीतला जिवंत मासा निवडायचा आणि वरच्या मजल्यावर बसून खायचा. बुसानची बोली ठसकेबाज. सोलच्या कानांना ती भांडणासारखी वाटते. डुकराच्या मांसाचा रस्सा-भात, ‘द्वेजी गुकबाप’, हे शहराचे रोजचे जेवण. थंड शेवयांचे ‘मिलम्योन’ निर्वासितांचे: उत्तरेकडे त्या बकव्हीटच्या (कुट्टूच्या) पिठाच्या होत, ते इथे दुर्मीळ, म्हणून मदतीत आलेला गव्हाचा मैदा वापरला गेला.

हेऊंदे व ग्वांगाल्ली हे किनारे उन्हाळ्यात माणसांनी फुलतात. समुद्रकाठच्या खडकांवरील योंगगुंगसा मठ १३७६ मधला, तर डोंगरातले बोमोसा ६७८ मधले. गर्दी पहिल्याच्या वाट्याला, शांतता दुसऱ्याच्या. १९९६ पासून येथे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. १९५१ मध्ये स्थापन झालेली संयुक्त राष्ट्रांची दफनभूमी ही जगातली त्या प्रकारची एकमेव.

अलीकडे लोकसंख्या घटते आहे. तरुण सोलकडे जातात आणि डोंगरावरच्या वस्त्यांत म्हातारी माणसे उरतात. चोर्यांग भागातला एक जिना सरळसोट १६८ पायऱ्यांचा आहे.